सुखाचा अभ्यासक्रम आणि गावाची भिंत

नव्या पदवी रचनेत तत्त्वज्ञान विभागांना इतर शाखांच्या मुलांसाठी छोटे विषय सुरू करता येतात. समूहकला, म्हणजे लोकांनी मिळून घडवलेली कला, आणि सुखानं जगणं यांची सांगड घालणारा विषय काही जण आखत आहेत, तर काहींनी तो नुकताच निवडला आहे. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: दोन क्रेडिटचा खुला वैकल्पिक विषय म्हणून आम्ही हा अभ्यासक्रम आखतो आहोत. वर्गात वाणिज्य, विज्ञान, कला अशी सगळी मुलं असतील आणि तत्त्वज्ञान कुणीच वाचलेलं नसेल. किती तासांत नेमकं काय शिकवावं?
— प्राध्यापिका, सातारा

आधी तासांचा हिशेब करू. एक क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास. दोन्ही क्रेडिट व्याख्यानांना दिलीत तर हातात 30 तास येतात. एक व्याख्यानांना आणि एक प्रात्यक्षिकाला दिलंत तर 45. ही दुसरी मांडणीच घ्या आणि अभ्यास मंडळाकडे जाणाऱ्या मसुद्यातच ती लिहा. वेळापत्रक एकदा लागलं की सलग दोन तासांची जागा कुणी देत नाही, आणि तासाभरात गावात जाऊन परत येणं होत नाही.

व्याख्यानाच्या 15 तासांपैकी पहिला तास अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकच्या यंत्राला द्या. 1974 मध्ये त्यानं मांडलेली कल्पना अशी: हवा तो अनुभव हुबेहूब देणारं यंत्र आहे, त्याला जोडून घेतल्यावर हे सगळं खोटं आहे याची आठवणही राहत नाही. आयुष्यभरासाठी जोडून घ्याल का? चर्चेआधी प्रत्येकाकडून होय किंवा नाही आणि त्याचं कारण चिठ्ठीवर लिहून घ्या. चिठ्ठ्या जपून ठेवा आणि शेवटच्या तासाला परत द्या. होय म्हणणारी मुलं निघतात. त्यांना चुकीचं ठरवू नका, वर्गाला त्यांचीच सर्वाधिक गरज असते.

पुढचे तीन तास ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल. सुख म्हणजे मनाची एखादी छान अवस्था, ही समजूत तो मोडतो. माणसाच्या अंगी असलेल्या क्षमता उत्तम रीतीनं आणि आयुष्यभर वापरत राहणं म्हणजे त्याच्या लेखी सुख. इथवर सगळेच शिकवतात, मग सुवर्णमध्य, म्हणजे दोन टोकांमधली योग्य वागणूक, समजावतात आणि थांबतात. त्याच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाचे दहा भाग आहेत आणि त्यातले आठवा आणि नववा हे दोन पूर्ण भाग मैत्रीवर आहेत. एकट्यानं सुखी होता येतं का, हा त्यातला प्रश्न तुमच्या अभ्यासक्रमाचा कणा आहे. सुवर्णमध्य अर्ध्या तासात उरका, पण हे दोन भाग सावकाश वाचा.

एपिक्युरस या दुसऱ्या ग्रीक तत्त्वज्ञाला दोन तास पुरतात. इच्छांचे त्यानं तीन गट केले: स्वाभाविक आणि गरजेच्या, स्वाभाविक पण गरजेच्या नसलेल्या, आणि पोकळ. मुलांना मागच्या महिन्यातला खर्च या तीन गटांत वाटायला सांगा, पण कागदावर नाव घालू देऊ नका. नाव असलं की मोबाइलचा खर्च सगळेच निमूटपणे तिसऱ्या गटात टाकतात. अथेन्सबाहेरच्या त्याच्या बागेत स्त्रिया आणि गुलामही शिकायला येत, हेही सांगा. त्याचा सुखाचा विचार सोबतीनं राहणाऱ्या माणसांत घडला. त्याला लागूनच बौद्ध विचारातली तृष्णा, दोन तास. इच्छांची छाटणी दोघेही करतात, पण 'माझी इच्छा' यातल्या 'मी'लाच प्रश्न विचारण्याचं काम बुद्ध करतो. हा फरक मुलांनी स्वतः शोधावा इतका वेळ ठेवा.

मग कलेकडे वळा. जर्मन तत्त्वज्ञ कांटला एकच तास: सौंदर्याचा निवाडा करताना त्या वस्तूत आपला काही लाभ गुंतलेला नसावा, हे त्याचं 1790 मधलं म्हणणं. ते आधी नीट उभं करा, म्हणजे कादंबरीकार टॉल्स्टॉय आणि अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई कशाशी भांडत आहेत ते कळेल. या दोघांना मिळून तीन तास. टॉल्स्टॉयच्या मते कला म्हणजे एकाच्या भावनेची दुसऱ्याला होणारी लागण. ड्यूईनं 1934 मध्ये कलेला संग्रहालयातून काढून रोजच्या जगण्यात आणलं: आपण काही करतो, त्याचा परिणाम सोसतो, पुन्हा करतो, आणि हे एका पूर्णत्वाला पोचतं तो अनुभव कलेचा. शेवटचे तीन तास कलेतल्या लोकसहभागाच्या प्रश्नाला. त्याचं खुलासेवार उत्तर खाली अहिल्यानगरच्या पत्रात आहे.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, दहा-बारा विचारवंतांना एकेक तास वाटला जातो आणि मुलांच्या वहीत दहा-बारा सुविचार जमतात. दुसरी जास्त नुकसान करते. आधी सुख संपवायचं, मग कला सुरू करायची, अशी फाळणी केली की उत्तरार्धाचा चित्रकलेचा तास होतो. ती टाळण्यासाठी प्रात्यक्षिकं तिसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करा, म्हणजे मैत्रीवरचे भाग वाचून झालेली मुलं त्याच आठवड्यात अनोळखी माणसांशी बोलायला जातील.

प्रश्न: मी हा विषय निवडला आहे. घरचे म्हणतात, हे मानसशास्त्रच आहे. फरक काय? आणि याने ताण कमी होतो का?
— विद्यार्थी, पुणे

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 2018 मध्ये लॉरी सँटोस यांच्या सुखावरच्या अभ्यासक्रमाला सुमारे 1,200 विद्यार्थी बसले आणि तो जगभर गाजला. तो मानसशास्त्राचा होता. कशानं समाधान वाढतं, याची प्रयोगांवर आधारलेली उत्तरं त्यात आहेत. तत्त्वज्ञानाचा वर्ग त्याच्या एक पायरी आधी उभा असतो: जे वाढतं ते वाढवण्याजोगं आहे का, कुणाच्या जिवावर वाढतं, आणि दुःखी पण सार्थ आयुष्याचं काय? अमेरिकेतल्याच नॉत्र दाम विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातला चांगल्या आयुष्यावरचा अभ्यासक्रम याच प्रश्नांभोवती आहे.

ताणाबद्दल सरळ सांगतो: हा वर्ग उपचार नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर महाविद्यालयाच्या समुपदेशकाकडे जा किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर फोन करा. आधी ते, नंतर एपिक्युरस.

प्रश्न: गेल्या वर्षी आमच्या मुलांनी जवळच्या गावात शाळेच्या कुंपणभिंतीवर पर्यावरणाची चित्रं रंगवली. गावानं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि पावसाळ्यानंतर रंगाचे पोपडे निघाले. यंदा काय बदलावं?
— प्राध्यापक, अहिल्यानगर जिल्हा

तुमचं एक काम माणसांत फसलं आणि एक चुन्या-सिमेंटात. दोन्हींची कारणं शोधता येतात.

माणसांचं आधी. शेरी आर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं वळवलं किंवा 'सुधारलं' जातं. मधल्या तिन्हींवर त्यांना माहिती दिली जाते, मत विचारलं जातं, एखादी जागा देऊन समजूत काढली जाते, पण निर्णय दुसऱ्यांच्या हाती राहतो. वरच्या तीन पायऱ्या भागीदारीच्या, सोपवलेल्या अधिकाराच्या आणि पूर्ण ताब्याच्या. तुमचा विषय, रेखाटन आणि तारीख महाविद्यालयातच ठरली असेल, तर सरपंचांचं ना हरकत पत्र हाती असूनही तुम्ही तिसऱ्या पायरीवर होता. गावाला फक्त कळवलं होतं.

कलाकृती सार्वजनिक जागेत आहे म्हणून ती समूहाची होत नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात 1981 मध्ये रिचर्ड सेरा या मोठ्या शिल्पकारानं 120 फूट लांब, 12 फूट उंच पोलादी भिंत उभारली. तिथल्या कार्यालयांतल्या माणसांना रोज तिला वळसा घालून जावं लागे. 1985 मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि 1989 मध्ये ती कापून हलवली. उलट लॉस एंजेलिसला ज्युडी बाका यांनी 1976 पासून पूर नियंत्रणाच्या कालव्याच्या भिंतीवर पुढच्या काही उन्हाळ्यांत 2,754 फूट लांब चित्र उभं केलं. कॅलिफोर्नियाच्या इतिहासात ज्यांना जागा मिळाली नव्हती त्यांची कथा त्यात आहे, आणि ते रंगवणारे चारशेहून अधिक तरुण त्याच शहरातले होते. या दोन उदाहरणांवर वर्गात एक तास खर्च करा. शिल्प म्हणून सेराचं काम कमी दर्जाचं नव्हतं, हे मुद्दाम सांगा, नाहीतर मुलं सोपं उत्तर घेऊन बाहेर पडतात.

आता प्रात्यक्षिकाच्या 30 तासांची वाटणी. दोन-दोन तासांची 15 सत्रं धरा. चार सत्रं ऐकण्याची, दोन ठरवण्याची, दोन भिंत तयार करण्याची, पाच रंगवण्याची, दोन काम संपल्यानंतरची. रंगाला फक्त एक तृतीयांश वेळ मिळतो, आणि तो पुरतो.

ऐकताना मुलांनी जोडीनं जावं. 'भिंतीवर कोणतं चित्र हवं?' असं विचारू नका. भिंतींवर आजवर जे पाहिलं तेच लोक सांगतात, झाडे लावा, पाणी वाचवा. जागेबद्दल विचारा: ही भिंत नव्हती तेव्हा इथं काय होतं? इथून रोज कोण जातं? इथं थांबावंसं वाटतं का, नसेल तर का? सगळ्या भेटी सकाळी अकराला चावडीवर ठेवल्यात तर फक्त वयस्कर पुरुष भेटतील. बायका दुपारी भांडी आवरल्यावर किंवा रात्री जेवणानंतर मोकळ्या होतात. मजुरी करणाऱ्यांसाठी आठवडी बाजाराचा दिवस पाहा. चारही सत्रांच्या वेळा वेगळ्या ठेवा.

ठरवण्याच्या सत्राला तीन कच्ची रेखाटनं कागदावर काढून त्या भिंतीपाशीच न्या. 'यातलं एकही नको' हा पर्याय मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा, आणि गावानं तो निवडला तर यंदा भिंत रंगवायची नाही, एवढी तयारी विभागानं आधीच ठेवावी. ही तयारी नसेल तर वरच्या पायऱ्यांचं नाव घेऊ नये. भिंत रंगली नाही तरी अभ्यासक्रम पूर्ण होतो. का रंगली नाही, यावर उत्तम निबंध लिहिता येतो.

आता भिंत. कुंपणभिंतीत पाणी तीन वाटांनी शिरतं: वरून, कारण डोक्यावर पाणी निथळून जाईल असं उताराचं कोपिंग, म्हणजे झाकणथर, नसतं, तळातून, जमिनीची ओल चढून, आणि भेगांतून. हे पाणी बाहेर पडताना क्षार सोबत आणतं आणि ते क्षार आतून रंगाचा थर ढकलतात. पोपडे त्यानं निघतात, रंग महाग घेऊन उपयोग होत नाही. म्हणून हा विषय डिसेंबर ते एप्रिलच्या सेमिस्टरला ठेवा. पावसाळ्यानंतर भिंत वाळायला दोन-तीन महिने मिळतात. एक फूट चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दिवसभर ठेवा. आतून दव जमलं तर अजून थांबा. नवा गिलावा असेल तर निदान 28 दिवस हात लावू नका, ताज्या सिमेंटाचा क्षारपणा रंग खातो. भिंतीला पूर्वी चुना मारलेला असेल तर तो तारेच्या ब्रशनं खरवडून, धुऊन, वाळवून मगच प्रायमर. सुटणाऱ्या चुन्यावर मारलेला इमल्शन चुन्यासकट निघतो. तळाचा फूट-दीड फूट चित्राशिवाय ठेवा, ओल आणि चिखलाचे शिंतोडे तिथं असणारच.

दहा फूट बाय आठ फूट, म्हणजे 80 चौरस फुटांच्या भिंतीला एक हात बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि पार्श्वभूमीच्या रंगाचे दोन हात लागतात. दोन हातांना दीड ते दोन लिटर इमल्शन पुरतं, खडबडीत गिलाव्याला थोडं जास्त. पहिल्या आणि दुसऱ्या हातामध्ये चार तास जाऊ द्या. रेखाटन दहा इंच बाय आठ इंच कागदावर घेऊन त्यावर इंचाचे चौकोन आखा आणि भिंतीवर निळीत बुडवलेली दोरी ताणून फुटाचे चौकोन मारा. मग चित्र न येणारा माणूसही एका चौकोनातली रेघ उतरवू शकतो. गावातल्या लोकांच्या हाती ब्रश जायचा असेल तर ही चौकट हवीच. पार्श्वभूमी भरण्याचं काम त्यांना आणि चेहरे विद्यार्थ्यांना, अशी वाटणी मात्र करू नका. लोकांना ती लगेच कळते.

प्रश्न: सुखाला गुण कसे द्यायचे? अभ्यासक्रमाआधी आणि नंतर प्रश्नावली भरून घ्यावी का?
— विभागप्रमुख, नागपूर

गुण सुखाला देऊच नका. विद्यार्थी किती समाधानी झाला याला गुण असले की समाधान दाखवणं भाग पडतं, आणि ज्याच्या घरी त्या महिन्यात मृत्यू झाला असेल त्याच्यावर तो अन्याय होतो. 50 गुणांची आमची वाटणी अशी: युक्तिवादाच्या निबंधाला 20, कामाच्या नोंदवहीला 15, तोंडी परीक्षेला 15. निबंधात एका विचारवंताचं म्हणणं, त्यावरचा सर्वांत ताकदीचा आक्षेप आणि प्रात्यक्षिकात दिसलेली एक गोष्ट, तिन्ही हवीत. नोंदवहीत भावना लिहायला मोकळीक द्या, पण गुण द्या ते कोण बोललं, कोण गप्प राहिलं, निर्णय कसा झाला, याच्या अचूक नोंदीला. तोंडी परीक्षेत पहिल्या तासाची चिठ्ठी समोर ठेवून विचारा की आज काय लिहाल आणि का. मत बदललं नाही म्हणून गुण कापू नका.

प्रश्नावलीबद्दल. एड डीनर आणि सहकाऱ्यांची 1985 ची जीवन-समाधान मोजपट्टी सोपी आहे: पाच विधानं, प्रत्येकाला एक ते सात, एकूण 5 ते 35. ती वर्गात जरूर भरा, पण सुख मोजताना नेमकं काय मोजलं जातं यावर बोलण्यासाठी. अभ्यासक्रम यशस्वी झाल्याचा पुरावा म्हणून ती वापरू नका. चाळीस मुलांचा वर्ग लहान, तुलनेला दुसरा गट नाही, पहिली प्रश्नावली सुट्टीनंतर आणि दुसरी परीक्षेच्या तोंडावर, शिवाय शिक्षकांना बरं वाटावं म्हणून मुलं वरचे आकडे भरतात. समूहकलेच्या क्षेत्रानं हा वाद अनुभवला आहे. 1997 मध्ये फ्रान्स्वा मातारासो यांनी ब्रिटनमधल्या सहभागी कलाप्रकल्पांचे सामाजिक फायदे मांडले आणि 2002 मध्ये पाओला मेर्ली यांनी त्या संशोधनाच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. दोघांचे मुद्दे वर्गात आमनेसामने ठेवा.

प्रश्न: मी चित्रकार आहे. लोकांना सामील करून केलेली कला बहुतेकदा सुमार असते असं माझं मत आहे. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक्रम दर्जाचा प्रश्न टाळतात का?
— वाचक, मडगाव

पुष्कळदा टाळतात, आणि तुमची तक्रार रास्त आहे. कलासमीक्षक क्लेअर बिशप यांनी 2006 मध्ये हीच तक्रार केली: सहभाग झाला, सगळ्यांचं ऐकलं, एवढ्यावरच कलाकृतीला चांगलं म्हटलं जातं आणि कला म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. कलेचे अभ्यासक ग्रँट केस्टर यांचं म्हणणं वेगळं. माणसांत घडणारा संवाद हाच अशा कलेचा पदार्थ असतो आणि त्यातलंही बरं-वाईट ठरवता येतं. मराठी वाचकाला फडके-खांडेकर वाद, कलेसाठी कला की जीवनासाठी, इथं आठवेल. पण त्या वादात लिहिणारा एकटा होता. इथं करणारेच अनेक असल्यानं प्रश्न जास्त अवघड होतो.

आम्हाला बिशप यांची तक्रार मान्य आहे, पण दर्जा फक्त पृष्ठभागावर शोधू नये असं वाटतं. मुंबईच्या चित्रकार-शिल्पकार नवजोत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये कोंडागावच्या आदिवासी कलाकारांसोबत हातपंपांभोवती 'नलपार' घडवले. पाणी सांडून चिखल होणाऱ्या जागी नीट ओटा झाला. भिंतींत भांडी टेकवायला कोनाडे आणि कठडे आले, त्यामुळे भरलेला हंडा एका दमात जमिनीवरून डोक्यावर घ्यावा लागत नाही. कठडा किती उंच हवा, हे पाणी भरणाऱ्या बाईच्या शरीरालाच ठाऊक असतं. तिच्या सहभागाविना ते काम शिल्प म्हणूनही कच्चं राहिलं असतं. सहभागानं घडण सुधारली की नुसता फलक लागला, ही कसोटी प्रत्येक प्रकल्पाला लावा. तुमच्यासारखे चित्रकार वर्गात आले तर ती अधिक कडकपणे लागेल, म्हणून जवळच्या महाविद्यालयाकडे दोन सत्रं मागून घ्या.

जाता जाता, एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे की ग्रामपंचायतीनं पुढच्या वर्षी भिंतीवर चुना मारला तर? प्रताधिकार कायद्याच्या कलम 57 नुसार निर्मात्याला कामाच्या मोडतोडीविरुद्ध दाद मागता येते. विज्ञान भवनातून काढलेल्या भित्तिशिल्पाबद्दल अमरनाथ सहगल यांनी दिल्ली उच्च न्यायालयात 2005 मध्ये असा खटला जिंकला. पण पन्नास हातांनी केलेल्या भिंतीवर कुणाचा हक्क, हे कामाआधीच एका पानावर लिहून ठेवा: चित्र किती वर्षं राहील, डागडुजी कोण करेल, पुसायचं झाल्यास कुणाला विचारायचं. फोटो कोण वापरू शकतो हेही त्याच पानावर.

प्रश्न: आम्ही दहा-बारा निवृत्त मंडळी आहोत. विद्यापीठात नाव न घालता हे करता येईल का?
— वाचक, नाशिक

येईल. दीड तासाच्या सहा बैठका घ्या. सुरुवात एपिक्युरसच्या मेनोइकेयसला लिहिलेल्या पत्रापासून करा, ते जेमतेम काही पानांचं आहे. प्रत्येकानं एक परिच्छेद मोठ्यानं वाचावा. पहिली चाळीस मिनिटं फक्त 'लेखक काय म्हणतो' एवढंच बोलायचं, स्वतःचे अनुभव त्यानंतर. हा क्रम मोडला की बैठकीचं प्रवचन होतं आणि एकच गृहस्थ बोलत राहतात. अध्यक्ष दर वेळी बदला.

तिसऱ्या बैठकीपासून हाताला काम घ्या. गोधडी सोपी पडते: प्रत्येकानं घरातलं एक जुनं सुती लुगडं किंवा धोतर आणायचं, चार-पाच थर, साधा धावदोरा, सहा फूट बाय चार फूट. सिंथेटिक साडी घेऊ नका, ती सुती थरांवरून सरकते आणि टाके ओढले जातात. थर आधी मोठ्या टाक्यांनी कच्चे बांधून घ्या आणि शिवण मधून कडेकडे न्या, कडेकडून मध्ये आलात तर फुगवटा राहतो. शिवणं न येणाऱ्यांनी कापणं आणि कच्चे टाके घ्यावेत, पण वरच्या थरावर कुणाचं कापड कुठं येणार ते सगळ्यांनी मिळून ठरवावं. तेवढ्या एका निर्णयाला पूर्ण बैठक लागली तरी लागू द्या, आणि तो कसा झाला ते कुणीतरी लिहून ठेवा. पाचव्या बैठकीत मैत्रीवर बोलताना ती नोंद लागेल.